गतिनोंदींचे दप्तर : प्रस्तावना

विल्हेल्म ब्राउने हे शरीररचनाशास्त्रज्ञ आणि ओटो फिशर हे गणितज्ञ, या दोघांनी लाइपझिग येथे १८९१ साली चालत्या माणसाच्या हालचालीचे त्रिमितीय मापन करण्याचा जो उद्योग आरंभिला, त्याची हकीकत वाचणाऱ्याच्या मनावर एक गोष्ट ठसल्यावाचून राहत नाही. ती ही की, प्रत्यक्ष नोंद घेण्यास मिनिटे लागली आणि त्या नोंदीचा हिशेब मांडण्यास वर्षे. माणसाच्या अवयवांवर विजेने उजळणाऱ्या गाइस्लर नळ्या बांधावयाच्या, त्याला धक्का बसू नये असा बंदोबस्त करावयाचा, काळोख हवा म्हणून रात्रीची वेळ साधावयाची आणि मग त्याला चार कॅमेऱ्यांसमोरून चालवीत न्यावयाचे, एवढ्या तयारीलाच सहा ते आठ तास लागत. त्यानंतर छायाचित्रांवरील एकेका प्रकाशखुणेचे स्थान मोजून त्यावरून अवकाशातील तिचे सहनिर्देशक हाताने काढणे, हे काम महिनोन्‌महिने चाले. ब्राउने १८९२ साली निवर्तले. फिशर यांनी ते व्रत एकट्याने पुढे चालविले, आणि मनुष्याच्या चालीवरील त्यांच्या प्रबंधाचे सहा भाग १८९५ पासून १९०४ पर्यंत क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत राहिले.

आज तेच काम कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेत एका दुपारी होते. चालणाऱ्याच्या अंगावर चाळीस परावर्तक मार्कर चिकटविले, भोवतालच्या अवरक्त कॅमेऱ्यांनी सेकंदाला शंभर वेळा त्यांची स्थाने टिपली आणि तो माणूस दहा सेकंद चालला, की केवळ मार्करांच्या सहनिर्देशकांचेच १,२०,००० आकडे जमा होतात. पावलाखालील बल मोजण्यासाठी जमिनीत बसविलेल्या दोन फोर्स प्लेटांच्या प्रत्येकी सहा वाहिन्या सेकंदाला हजार वेळा वाचल्या, तर त्यांचे आणखी तितकेच आकडे त्यात मिळतात. ही झाली एक फेरी. एका रुग्णाच्या दहा-बारा फेऱ्या आणि एका अभ्यासातील तीस-चाळीस माणसे असा हिशेब धरला, म्हणजे फिशर यांना सबंध आयुष्यात हाताळता आले नसते इतके आकडे एका साध्या संगणकाच्या कोपऱ्यात निमूट पडून राहतात.

परंतु या दोन काळांतील खरा भेद आकड्यांच्या संख्येचा नाही. फिशर यांनी आपल्या तक्त्यातील प्रत्येक आकडा स्वतः काढला होता, आणि म्हणून एखादा आकडा वावगा आला तर तो कोठून आला हे त्यांना ठाऊक असे. आजच्या विद्यार्थ्याने आपल्या लक्षावधी आकड्यांपैकी एकही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नसतो, आणि सॉफ्टवेअरने काढून दिलेली गुळगुळीत वक्ररेषा हीच त्याची त्या आकड्यांशी पहिली आणि बहुधा शेवटची भेट असते. गणनेत जो काळ वाचला, तो पारखण्याकडे वळावयास हवा होता. तो तसा वळला नाही, अशी प्रस्तुत लेखकाची दीर्घ अनुभवान्ती बनलेली धारणा आहे, आणि हे पुस्तक लिहिण्याची निकड तीतूनच उत्पन्न झाली. नोंदी सॉफ्टवेअरमध्ये दाखल करणे, त्यांची वर्गवारी करणे आणि त्यांचे आलेख काढणे या तीन क्रियांना आपल्याकडे कारकुनी समजण्याची चाल पडली आहे; मोजमाप हे शास्त्र, निष्कर्ष हे शास्त्र आणि मधले सारे हमालीचे काम, असा हा समज. वास्तविक अभ्यासाचे बरेवाईट याच मधल्या टप्प्यात ठरते.

प्रथम दाखल करण्याविषयी. या क्षेत्रात सर्वत्र चालणारी फाइल म्हणजे सी-थ्री-डी. अँड्र्यू डेनिस यांनी १९८७ च्या सुमारास अमेरिकेत तिची घडण केली, आणि पुढे निरनिराळ्या कॅमेरा-उत्पादकांनी ती स्वीकारल्यामुळे एका प्रयोगशाळेची नोंद दुसरीत वाचता येऊ लागली. या फाइलची रचना जुन्या, शिस्तीच्या दप्तरासारखी आहे. ५१२ बाइटांचा पहिला ठोकळा हा केवळ मथळा. त्यातील दुसऱ्या बाइटमध्ये ८० हा अंक असावाच लागतो, आणि तो नसेल तर हाती आलेली फाइल सी-थ्री-डी नव्हे असे खुशाल समजावे. मथळ्यानंतर मापांचा तपशील येतो : मार्करांची नावे कोणती, सेकंदाला किती वेळा नोंद घेतली, एकक मिलिमीटर की अन्य काही, फोर्स प्लेटचे चार कोपरे प्रयोगशाळेच्या जमिनीवर नेमके कोठे आहेत. प्रत्यक्ष आकडे त्याच्या पुढे. ज्या काळी संगणकांची स्मृती तुटपुंजी होती त्या काळी, आकड्यांबरोबर आकड्यांचा अर्थही त्याच फाइलमध्ये बांधून ठेवण्याची ही दूरदृष्टी डेनिस यांनी दाखविली, याचे मला आजही कौतुक वाटते.

तथापि तपशील लिहून ठेवलेला असणे निराळे आणि तो वाचला जाणे निराळे. एखादा मार्कर काही क्षण कोणत्याच कॅमेऱ्याला दिसला नाही, हात आड आला किंवा वळताना मांडीने झाकला गेला, तर सी-थ्री-डी फाइलमध्ये त्या क्षणापुढे उणे एक अशी खूण लिहिली जाते आणि सहनिर्देशकांच्या जागी बहुधा शून्ये राहतात. ती खूण जो प्रोग्राम पाहत नाही, तो त्या मार्करला त्या क्षणी प्रयोगशाळेच्या आद्यबिंदूवर नेऊन ठेवतो. आलेखात एक उभी रेघ सरळ शून्याकडे कोसळते आणि पुढच्याच क्षणी वर येते. ही चूक निदान दिसते तरी. परंतु मधल्या कोणी मदतनिसाने तीच पोकळी आधीच सॉफ्टवेअरकडून भरून घेतली असेल, तर पाच-दहा चित्रांची पोकळी सहसा बरी भरली जाते आणि पन्नास चित्रांची पोकळी एका सुबक उंचवट्याने भरली जाते, जो उंचवटा त्या माणसाच्या पायाने कधी घेतलेलाच नसतो. अवास्तव गुळगुळीत रेषा दिसली की पोकळीची चौकशी करावी, हा नियम आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतो.

अक्षांचा घोळ हा याहून व्यापक. बहुतेक प्रयोगशाळांत तिसरा अक्ष, म्हणजे झेड, वरच्या दिशेला धरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट डेल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या आणि २००७ पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेल्या ओपनसिम या सॉफ्टवेअरच्या सांगाड्यात दुसरा अक्ष, म्हणजे वाय, वरच्या दिशेला असतो. नोंद फिरवून न घेता तशीच दाखल केली, तर चालणारा माणूस पडद्यावर आडवा पडलेला दिसतो, आणि ते पाहून कोणीही सावध होईल. पण अक्ष फिरविताना चालण्याची दिशा तेवढी उलटी झाली, तर माणूस उभाच दिसतो, चालतोही, आणि त्याला पुढे ढकलणारे बल मात्र आलेखात मागे ओढणारे म्हणून उमटते. मिलिमीटर आणि मीटर यांच्या घोटाळ्यात हजारपटीचा फरक पडत असल्याने तो लपत नाही. लपतात ते लहान फरक. फोर्स प्लेटचा कोपरा चार सेंटिमीटर चुकीच्या जागी लिहिला गेला, तर बलाचा बाण पावलाखालून न निघता पावलाच्या किंचित बाजूने निघतो, आणि त्यावरून काढलेला गुडघ्यावरील आघूर्ण असा चुकतो की त्याला एखादा निष्णात मनुष्यही व्याधीचे लक्षण समजून बसेल. म्हणून कोणतीही नोंद दाखल झाल्याबरोबर तिची रुजवात घालावी. माणूस एका प्लेटवर स्तब्ध उभा असतानाची फेरी घ्यावी आणि उभ्या बलाचा आलेख काढावा : साठ किलो वजनाच्या माणसाचे बल ५८९ न्यूटनच्या आसपास आले पाहिजे. ते ५४० आले तर पुढील सारे काम थांबवून प्लेटचे अंशांकन तपासावे. या एका आलेखाला अर्धे मिनिट लागते.

मार्करांच्या नावांविषयी फार लिहीत नाही. कटीच्या हाडाच्या पुढील टोकावरील एकाच मार्करला चार प्रयोगशाळांत चार नावे आढळतात, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला त्यांतील साम्य आपोआप उमजत नाही. नावांचा एक तक्ता आरंभीच करून ठेवावा आणि तो नोंदींबरोबर जपावा.

कंपन गाळण्याच्या प्रश्नावर मात्र क्षणभर थांबले पाहिजे. मार्कर त्वचेवर असतो आणि त्वचा हाडावर हलते. शिवाय कॅमेऱ्याच्या मापनातही सूक्ष्म थरथर असते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड विंटर यांनी सत्तरीच्या दशकात चालण्याच्या नोंदींचे पृथक्करण करून असे दाखविले की, चालीतील उपयुक्त हालचाल बहुतांशी ६ हर्ट्झच्या आत सामावलेली असते. तेव्हापासून गाळणीची मर्यादा म्हणून ६ हा अंक अनेक सॉफ्टवेअरांत जणू वंशपरंपरेने चालत आला आहे. चालीसाठी तो योग्यच आहे. पण धावणाऱ्याच्या टाचेचा आघात किंवा चेंडू सोडणाऱ्या हाताचा झटका यांना तोच अंक लावला, तर जे मोजावयाचे तेच गाळले जाते. विंटर यांचा निर्णय चालीच्या पुराव्यावर आधारलेला होता. तो पुरावा विसरून केवळ अंक उचलणे हा त्यांच्या कामावर अन्याय आहे.

आता घटनांकडे वळू, कारण त्यांच्यावाचून वर्गवारी संभवत नाही. दहा सेकंदांच्या नोंदीतून एक पाऊल वेगळे काढावयाचे, तर ते कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे ठरवावे लागते. फोर्स प्लेटवरील उभे बल वीस न्यूटनच्या वर गेले की टाच टेकली, खाली आले की अंगठा सुटला, असा सर्वसाधारण प्रघात आहे. एका टाचेच्या टेकण्यापासून त्याच टाचेच्या पुनश्च टेकण्यापर्यंतचा अवधी शंभर टक्के धरून त्याचे १०१ बिंदू करतात. निरोगी माणूस आपल्या नेहमीच्या गतीने चालत असेल, तर सुमारे साठ टक्क्यांपर्यंत पाय जमिनीवर असतो आणि उरलेले चाळीस टक्के हवेत. हे शतमान सोयीचे आहे, कारण त्यामुळे लांब टांगा टाकणारा प्रौढ आणि दुडदुड चालणारे मूल एका कागदावर आणता येतात. परंतु त्यात काळाचे खरे माप पुसले जाते, आणि कोण किती हळू चालला हे त्या आलेखावरून कळत नाही. पावलांचा वेग आलेखाशेजारी स्वतंत्र लिहिल्यावाचून तो आलेख कोणाला दाखवू नये, असा माझा आग्रह आहे.

वर्गवारी हे या पुस्तकाचे हृदय. व्यापारी जशी दिवसाची किर्द खात्याखात्यांनी खतावणीत उतरवितो आणि कोणती रक्कम कोणत्या खात्यावर चढली यावरच त्याच्या नफ्यातोट्याचा निवाडा होतो, तसेच येथेही आहे : नोंदी त्याच, परंतु गट बदलले की निष्कर्ष बदलतो. आधुनिक सॉफ्टवेअरांत हे काम फार सुकर झाले आहे. फेऱ्यांना 'अनवाणी', 'बुटासह', 'शस्त्रक्रियेपूर्वी', 'शस्त्रक्रियेनंतर' अशा खुणा जोडाव्यात, कोणती राशी आणि कोणत्या दोन घटनांमधली ते सांगावे, आणि क्षणार्धात शेकडो वक्ररेषा आपापल्या गटात येऊन बसतात. सुकरतेमुळेच येथे विचार सुटतो. समजा, सेरेब्रल पाल्सीमुळे शरीराची एक बाजू दुबळी झालेली वीस मुले आहेत. त्यांपैकी अकरांची उजवी बाजू बाधित आणि नऊंची डावी. सॉफ्टवेअर आपण होऊन डावा आणि उजवा असे दोन गट पाडील, दोन्ही गटांत बाधित व अबाधित पाय मिसळले जातील, दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या येतील, आणि या मुलांच्या दोन पायांत काही फरक नाही असा, त्यांच्या आईबापांनाही हास्यास्पद वाटेल असा, निष्कर्ष एका देखण्या आलेखानिशी सिद्ध होईल. येथे गट बाधित आणि अबाधित असेच पाडले पाहिजेत; आणि ते पाडण्यासाठी लागणारी माहिती कॅमेऱ्यांत नसते, ती रुग्णाच्या कागदांत असते.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे आणि छापील निबंधांतही आढळतो. तीन माणसांची प्रत्येकी दहा पावले घेतली, म्हणजे तीस वक्ररेषा होतात. पण ती तीस माणसे होत नाहीत. एकाच माणसाची दहा पावले एकमेकांसारखी असतात, आणि त्यांना दहा स्वतंत्र साक्षीदार मानले तर आपल्या निष्कर्षाची खात्री भलतीच फुगते. म्हणून आधी प्रत्येक माणसाची सरासरी, मग त्या सरासऱ्यांची सरासरी, हा क्रम सोडू नये. एकाची बारा पावले आणि दुसऱ्याची चारच सापडली असतील, तर हा क्रम पाळल्याने बारा पावलेवाल्याचा वरचष्माही आपोआप टळतो. चांगल्या सॉफ्टवेअरांत या दोन्ही पायऱ्या स्वतंत्रपणे निवडता येतात; कोणती निवडली आहे हे मात्र पडद्यावर डोकावून पाहावे लागते.

वेगाची गोष्ट याच प्रकरणातली. मिनेसोटातील मायकेल श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली, निरोगी मुले वेगवेगळ्या गतींनी चालली असता त्यांचे सांधे किती निराळ्या रीतीने हलतात हे पद्धतशीर मांडून दाखविले. हळू चालणाऱ्या निरोगी मुलाचा गुडघाही कमी वाकतो. तेव्हा हळू चालणाऱ्या रुग्णाची तुलना भरभर चालणाऱ्या निरोगी गटाशी केली, तर जे वेगामुळे घडले ते व्याधीच्या माथी मारले जाते.

आपल्या वाचकांना परिचित असलेल्या एका प्रकरणात घटनांची निवड आणि वर्गवारी यांचे महत्त्व ढळढळीत दिसते, आणि ते प्रकरण क्रिकेटचे आहे. गोलंदाजाचा कोपर किती सरळ होतो यावरून चेंडू फेकला की टाकला हे ठरते. २००५ पूर्वी कोपर सरळ होण्याची मर्यादा फिरकी गोलंदाजाला ५, मध्यमगतीला ७.५ आणि वेगवान गोलंदाजाला १० अंश अशी गतीनुसार निरनिराळी होती. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सर्वांना १५ अंशांची एकच मर्यादा लावली, म्हणजे नियमाच्या दृष्टीने तीन गटांचा एक गट केला. हे १५ अंश मोजावयाचे ते दंड जमिनीला समांतर झाल्यापासून चेंडू बोटांतून सुटेपर्यंतच. त्याच्या आधी किंवा नंतर कोपर कितीही सरळ झाला तरी नियमाला त्याचे सोयरसुतक नाही. श्रीलंकेचे फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरन यांचा कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नसे. त्यांचा हात प्रेक्षकांना आणि पंचांना वाकलेला दिसे, आणि १९९५ च्या मेलबर्न कसोटीत त्यांचे चेंडू नोबॉल ठरविले गेले. परंतु नियमाचा प्रश्न कोपर किती वाकलेला आहे हा नसून त्या दोन घटनांच्या दरम्यान तो किती सरळ झाला, हा आहे. दोन्ही राशी एकाच वक्ररेषेत आहेत. एक रेषेची उंची पाहते, दुसरी त्या दोन उभ्या खुणांमधला चढउतार पाहते. पर्थच्या विद्यापीठात त्यांची वारंवार तपासणी झाली आणि २००४ साली त्यांच्या 'दूसरा' या चेंडूचीही स्वतंत्र तपासणी करण्यात आली. ऑफब्रेक आणि दूसरा एकाच गटात टाकले असते, तर एकाचा दोष दुसऱ्याच्या सरासरीत झाकला गेला असता. आज अशी तपासणी चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील मान्यताप्राप्त केंद्रातही होते. तेथे खेळाडूचे भवितव्य ज्या आलेखावर ठरते, त्यावर दंड समांतर झाल्याची खूण दोन-तीन चित्रे इकडेतिकडे सरकली तर आकडा कसा पालटतो, हे पाचव्या प्रकरणात सविस्तर दाखविले आहे.

आलेखनाविषयी आता. चालीचा आलेख मांडण्याची एक रूढ पद्धत आहे : वरून खाली कटी, खुबा, गुडघा आणि घोटा, डावीकडून उजवीकडे बाजूने, समोरून आणि वरून पाहिलेली हालचाल, डावा पाय लाल, उजवा निळा अथवा हिरवा, आणि मागे करड्या पट्ट्यात निरोगी माणसांची व्याप्ती. ही पद्धत पाळावी, कारण अनुभवी डोळा जागेवरून ओळखतो. गुडघ्याच्या चौकटीत त्याला दोन उंचवटे दिसले पाहिजेत : भार घेताना पंधरा-वीस अंशांचा लहान, आणि पाय हवेत असताना सुमारे साठ अंशांचा मोठा. त्याच्या शेजारच्या चौकटीत, म्हणजे गुडघा आत-बाहेर किती झुकतो या आलेखात, जर मोठ्या उंचवट्याच्याच जागी तसाच एक धाकटा उंचवटा उमटला असेल, तर गुडघा झुकलेला नाही. मांडीवरचा मार्कर किंचित फिरून बसला आहे, आणि वाकण्याची हालचाल झुकण्याच्या अक्षात सांडली आहे. हे एका चौकटीकडे पाहून कळत नाही, दोन चौकटी शेजारी ठेवल्या तरच कळते. आणि म्हणून सॉफ्टवेअरमध्ये हवी तेवढीच राशी काढण्याची सोय असली, तरी आरंभी सर्व चौकटी काढाव्यात.

उभ्या अक्षाची मर्यादा सॉफ्टवेअरवर सोपवू नये. तीन अंशांची थरथर सबंध चौकटभर पसरवून दाखविणे त्याला सहज जमते, आणि दोन वेगळ्या दिवशी तोच माणूस, तोच तज्ज्ञ असूनही ज्या राशीत पाच अंशांपर्यंत तफावत पडू शकते, त्या राशीतील तीन अंशांचा फरक असा पर्वतप्राय दिसू लागतो.

सरासरीच्या वक्ररेषेविषयी मला सर्वांत जास्त सांगावयाचे आहे. दोन मुले घेऊ. पहिल्याचा गुडघा चक्राच्या अडुसष्टाव्या टक्क्याला साठ अंश वाकतो, दुसऱ्याचा शहात्तराव्या टक्क्याला साठ अंश वाकतो. दोघांची सरासरी काढली, तर तिचे शिखर साठापेक्षा कमी भरते आणि पसरटही होते, कारण एकाचे शिखर आले तेव्हा दुसरा अजून चढतीवर असतो. अशा रीतीने सरासरीत जो गुडघा तयार होतो, तो दोघांपैकी कोणाचाच नसतो. आता हे लक्षात घ्यावे की, पाय हवेत असताना गुडघा कमी आणि उशिरा वाकणे हे सेरेब्रल पाल्सीतील ताठर गुडघ्याचे लक्षण आहे, आणि त्याच लक्षणावरून मांडीच्या पुढील स्नायूचा कंडरा स्थलांतरित करण्याची शस्त्रक्रिया करावी की नाही याचा विचार होतो. जॅकेलिन पेरी आणि जेम्स गेज यांच्यासारख्या शल्यविशारदांनी ऐंशीच्या दशकात ही शस्त्रक्रिया प्रचारात आणली, ती असे आलेख वाचूनच. निरोगी गटाचे शिखर सरासरी काढण्याच्या रीतीमुळेच बोथट झाले असेल, तर त्याच्याशी तुलना केलेल्या मुलाची ताठरता आहे त्याहून सौम्य भासेल. उपाय सोपा आहे : प्रत्येक मुलाचे शिखर आणि त्याची वेळ आधी वेगळी काढावी, सरासरी नंतर, आणि सरासरीच्या रेषेखाली सर्व मुलांच्या रेषा फिकट रंगात दिसू द्याव्यात.

त्या फिकट रेषांत एखादी भलतीकडेच गेलेली दिसली, तर ती पुसण्याची घाई करू नये. ती सबंधच पुढे-मागे सरकलेली असेल, तर टाच टेकल्याची घटना चुकीच्या क्षणी नोंदली गेली असावी. ती मध्येच एकदम उडी घेत असेल, तर डाव्या-उजव्या मार्करांची नावे अदलाबदल झाली असावीत. यांपैकी काहीच नसेल, तर चालणारा अडखळला असेल, किंवा त्याची चाल खरोखरच तशी असेल. मूळ फाइल उघडून ते पाऊल सांगाड्याच्या रूपात पाहिल्याखेरीज यांतील कोणते खरे हे सांगता येत नाही, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये आलेखावरील रेषेवरून थेट त्या फेरीपर्यंत जाता येते, ते वापरण्याची शिफारस मी निःसंकोचपणे करतो.

एवढी काटेकोर वागणूक कशासाठी, असे कोणी विचारील. टोरोंटोचे बालअस्थिशल्यविशारद मर्सर रँग यांनी एका परिस्थितीला 'वाढदिवसाची व्याधी' असे नाव दिले होते : सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलावर यंदा टाचेची, पुढच्या वर्षी गुडघ्याची, त्याच्या पुढच्या वर्षी खुब्याची अशी शस्त्रक्रिया होत जाई, आणि मुलाचे वाढदिवस रुग्णालयात साजरे होत. एक सांधा सुधारला की दुसऱ्याचा दोष उघडा पडे, कारण सर्व सांधे एकत्र पाहण्याचे साधन नव्हते. चालीच्या विश्लेषणाने ते साधन दिले, आणि सर्व पातळ्यांवरील शस्त्रक्रिया एकाच वेळी करण्याचा प्रघात पडला. त्या प्रघातामुळे मुलाची वर्षे वाचली, आणि त्याच प्रमाणात आलेखावरील भारही वाढला. पूर्वी चुकीचा निर्णय एका सांध्यापुरता असे, आता एका आलेखसंचावरून पाच-सहा ठिकाणी शस्त्र चालते. नोंद दाखल करणारा आणि गट पाडणारा मनुष्य शस्त्रक्रियागृहात कधी जात नाही, परंतु त्याचे काम तेथपर्यंत पोहोचते.

ही जबाबदारी आता अधिक हातांत येत आहे. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या ओपनकॅप या प्रणालीने दोन मोबाइल फोनांच्या चित्रफितींवरून सांध्यांची गती काढता येते, आणि तिच्या फाइली ओपनसिममध्ये तशाच उघडतात. ज्या महाविद्यालयाला लक्षावधी रुपयांचे कॅमेरे घेणे कधीच परवडणार नाही, तेथील फिजिओथेरपीची विद्यार्थिनी किंवा तालुक्याच्या मैदानावरचा प्रशिक्षक यांनाही स्वतःच्या नोंदी घेता येतील, आणि मला याचा मनापासून आनंद वाटतो. अचूकतेच्या बाबतीत ही साधने मार्करांच्या बरोबरीची नाहीत, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. दाखल करण्याची, वर्गवारीची आणि आलेखनाची शिस्त मात्र दोहोंना तीच आहे.

पुस्तकाच्या योजनेविषयी थोडे. पहिल्या तीन प्रकरणांत सी-थ्री-डी फाइल उघडून तिची रुजवात कशी घालावी हे आहे, आणि तेथे कोणत्याही विकत घ्याव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज पडत नाही; मोक्का हा मोफत मिळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. चौथ्यापासून सातव्यापर्यंत घटना आणि गट येतात, आणि ती प्रकरणे क्रमानेच वाचावीत. पुढे आलेख. संख्याशास्त्राचे प्रकरण शेवटी ठेवले आहे, कारण रेषा नीट पाहिल्याशिवाय तिच्यावर कसोटी लावण्याची सवय मला घातक वाटते. पुस्तकातील प्रत्येक आलेखाखाली माणसे किती, प्रत्येकाची पावले किती, चालण्याचा वेग काय, कोणत्या हर्ट्झवर गाळणी लावली, करडा पट्टा म्हणजे एक प्रमाण विचलन की दोन, आणि कोणत्या फेऱ्या कोणत्या कारणाने वगळल्या, एवढा मजकूर छापला आहे. पहिल्या काही आलेखांखाली तो आलेखापेक्षाही मोठा झाला आहे.